दुधानं धुतलेली हाडं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल तिनं कोमट पाण्यात टाकले, परात दोघांच्या मध्ये ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दारात बसून सोलत होतो. ती चिमटीत वाल धरून जरा दाबायची, की डाळिंबी साल सोडून टुणकन बाहेर. माझ्या चिमटीत तो फुटायचा.

"तुमच्या हाताला दगडच बरे," ती म्हणाली.

"मग कशाला बसवलंस?"

"बसा जरा. भिंतीशी बोलू काय मी?"

बोलणं काही खास झालं नाही. शेजारीण नळावर कुणाशी भांडली ते, वांगणीला दिलेल्या आमच्या मुलीला थोडं बिरडं पाठवायचं ते. पण ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती. जेवायला बसली तेव्हा भाकरी मागून घेतली. त्या रात्री झोपेत ती गेली. कुणाला उठवलं नाही, पाणी मागितलं नाही.

लोक मला म्हणतात, म्हातारा बायकोचं बोलताना रडत नाही. रडलो मी, पण ते नंतर. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते का वाटलं हे सांगायचं तर हाडांपासून सांगावं लागेल.

मी चौथी शिकलेला. अंबरनाथच्या एका कारखान्यात काच घासायच्या खात्यात होतो. कारखाना बंद पडला तेव्हा मी तिथली एक जुनी कापायची मशीन भंगाराच्या भावात उचलली आणि बुवापाड्यात आमच्या खोलीला लागून पत्र्याची शेड मारून त्यात बसवली. हिऱ्याची चकती असते तिला, म्हणजे पत्र्याची चकती, पण काठावर हिऱ्याचा चुरा बसवलेला. वरून पाणी सोडायचं आणि दगड हळूहळू पुढे सरकवायचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी शेठ होता, अंगठ्यांचे आणि माळांचे खडे विकायचा. तो अकीकाचा कच्चा दगड द्यायचा, मी चिरून, घासून द्यायचो. बायको खड्यांना पॉलिश करायची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका.

ती बारवीकडच्या पाड्यातली. लग्न होऊन इतकी वर्षं शहरात राहिली, पण "हाय" नि "नाय" तिचं सुटलं नाही, आणि तिथले नेमही सुटले नाहीत. तिच्या छातीत दुखणं होतं. चार पावलं चढाची आली की दम लागायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की मनाला लावून घेऊ नका. हे असलं सांगणं सोपं असतं.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. तेव्हा पोरांच्या दप्तरावर, कंपासपेटीवर, गोळ्यांच्या कागदावर, जिकडे तिकडे डायनासोर आले होते. मला वाटायचं, राक्षसासारखी ही पण कुणीतरी रचलेली गोष्ट. आणि एके दिवशी बदलापूरला राहणारी एक मुलगी माझ्या शेडच्या दारात उभी राहिली. पंचविशीच्या पुढची असेल. मुंबईत कुठेतरी शिकत होती, पुढचं, डॉक्टरकीसारखं पण औषधाचं नाही. मी तिला मॅडम म्हणायचो. माझी बायको तिला पहिल्या दिवसापासून पोरी म्हणाली.

"काका, तुम्ही दगड पातळ कापता असं कळलं. किती पातळ?"

"तुम्हाला किती पाहिजे?"

"पलीकडचा उजेड दिसेल इतका."

"दगड कसला?"

"हाड आहे. दगड झालेलं हाड."

मी म्हटलं, हाड कापायचं तर खाटकाकडे जा. ती हसली नाही, रागावलीही नाही. पिशवीतून एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. जड, थंड, काळपट तांबडा. नखानं टिचकी मारली तर वाटीसारखा वाजला. डायनासोरच्या हाडाचा, गुजरातेतल्या एका नदीकाठी खडकात सापडलेला, म्हणाली. तिच्या कॉलेजातल्या मशीनवर दुसऱ्यांचे नंबर लागलेले होते आणि तिचा वर्षभर लागणार नव्हता.

मग तिनं मला सगळं समजावलं, आणि चांगलं समजावलं. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. त्या खडकात दोन जागी खड्डे खणले होते. हाडं निघाली ती काही मोठी, काही लहान, काही अधलीमधली. तिचे मोठे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती ते, त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ही हाडं बघून ठरवलं होतं की जनावरं दोन जातींची आहेत. मोठीला एक नाव होतंच, लहानीला त्यांनी नवीन नाव दिलं. पुस्तकात छापून आलं. आणि या मुलीला शंका होती की लहानी जात वेगळी नाहीच. ते मोठीचंच पिल्लू आहे.

बायको दारात तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे तलंग नि कोंबडी."

मॅडम म्हणाली, "तलंग म्हणजे?"

"अंड्यावर न आलेली कोंबडी गं. लहान दिसते, पिसं निराळी दिसतात. म्हणून काय ती दुसरी जात व्हते?"

"अगदी तसंच मावशी. पण कोंबडीत ठेंगणी जात पण असते ना? पुरी वाढलेली, तरी लहानच?"

"असते की. आमच्या पाड्यात व्हती एक. हातभर उडायची नि कोंबड्याला मारायची."

"मग मला सांगा, नुसतं हाड हातात दिलं तर ते तलंगेचं की त्या ठेंगणीचं, ओळखाल कसं?"

बायको म्हणाली, "नाय ओळखता यायचं."

"म्हणून आत बघायचं."

हाडाच्या आत वर्षांच्या कड्या असतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशा. वाढत्या वयाचं हाड असेल तर कड्या लांब लांब, मोकळ्या, आणि मधे रक्त वाहायची भोकं पुष्कळ. जनावर वाढून थांबलं की बाहेरच्या काठाशी कड्या एकमेकींना चिकटून दाटीनं येतात. लहान हाडाच्या काठाशी दाटी दिसली तर ती ठेंगणी जात, सर खरे. दाटी नसली तर पिल्लू, ही मुलगी खरी. तिचं तीन वर्षांचं शिक्षण त्या एका काठावर उभं होतं.

मी म्हटलं, आणा हाडं.

ती दोन खोकी घेऊन आली, साबणाची, पुठ्ठ्याची. रिक्षातून उतरवून ओट्यावर ठेवली. प्रत्येक हाडाला डिंकानं कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर कुठल्या खड्ड्यातलं, किती खोलातलं, ते लिहिलेलं. हाडावर पक्क्या शाईनं ती नंतर लिहिणार होती. म्हणाली, "काका, चिठ्ठ्या तेवढ्या सांभाळा." मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी घासायची कुरुंदाची पूड आणायला कॅम्प तीनला गेलो.

शेठनं मला बघून विचारलं, "साईं, सुना है अब हड्डी काटता है? कसाई हो गया?"

"जनावराची हाडं आहेत शेठ. करोडो वर्षं जुनी."

"इतनी पुरानी? तो फिर वापस नहीं लेते," तो म्हणाला आणि पुडी बांधून दिली.

घरी आलो तर ओट्यावर खोकी नव्हती. आत बघतो तर मोरीच्या बाजूला हिची धुवट पातळ साडी अंथरलेली आणि त्यावर सगळी हाडं ओळीनं वाळत घातलेली. शेजारी घमेलं, त्यात पांढुरकं पाणी, वर तुळशीचं पान तरंगतंय.

"हे काय केलंस?"

"धुतली."

"कशानं?"

"आधी पाण्यानं, मग दुधानं. मेल्याची हाडं उंबऱ्याच्या आत घ्यायची तर तशीच घेतात काय? जनावराची असली म्हणून काय झालं."

आमच्याकडे माणूस गेला की अस्थी गोळा करताना दूध घालतात. ते सगळ्यांनाच माहीत. पण खडकातल्या हाडांनाही ते लागतं, हे फक्त तिलाच सुचणार. तिच्या हिशोबानं ती कुणाची तरी आई होती, कुणाचं तरी पोर होतं, आणि त्यांचं कुणी केलं नव्हतं. ती पुण्य करून बसली होती. तोंडावर समाधान.

मी म्हटलं, "त्यांच्यावर कागद होते."

"व्हते. भिजून सुटले. शेणासारखे झाले व्हते."

"कुठे टाकलेस?"

तिनं मोरीकडे बघितलं.

मी तेव्हा सरळ बोललो, मला वाकडं बोलता येत नाही. मी म्हटलं, "वाटोळं झालं. कुठलं हाड कुठल्या खड्ड्यातलं ते त्या कागदावर होतं. आता ती पोरगी काय करणार?" हिचा चेहरा उतरला. चहाची गाळणी घेऊन ती मोरीत बसली. लगदा गाळला, बोटानं पसरला, उन्हात ठेवला. वाळल्यावर त्याची भाकरीसारखी एक चकती झाली. अक्षर म्हणून एक दिसत नव्हतं.

मॅडम आली त्या दिवशी हिनं चहासुद्धा न ठेवता आधी सांगून टाकलं. लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. मॅडम ओट्यावर बसली. एक हाड उचललं, नाकाशी नेलं. दूध आंबल्याचा वास येत होता.

"दूध का मावशी?"

हिनं कारण सांगितलं. मला वाटलं आता मॅडम ओरडणार, आणि मला वाटत होतं ओरडावंच तिनं, म्हणजे विषय संपेल. पण ती ओरडली नाही.

"मोठी कुठली ती मला बघूनच ओळखता येतील," म्हणाली. "अगदी लहान पण. मधली हाडं, खड्डा माहीत नसताना, मोठ्यांत धरायची की लहानांत ते बघते."

"आणि तुझे सर?" हिनं विचारलं.

"सरांना सांगावं लागेल. ते म्हणतील, मालाची सरमिसळ झाली, यावरून काही ठरवता येत नाही."

"मग?"

"मग बघू मावशी. आधी कापून तर बघू."

ती गेली. ही त्या दिवशी जेवली नाही. तिथपासून हिच्या मनात ते बसलं. पोरीनं तीन वर्षं घातली आणि मी ती मोरीत सोडली, हेच सारखं. रात्री छातीवर हात ठेवून पडायची. मी म्हणायचो, "अगं, ती स्वतः म्हणाली बघू म्हणून." तर म्हणायची, "ती चांगल्या घरातली हाय. तोंडावर बोलायची नाय." डॉक्टरनं गोळी वाढवून दिली. गोळीनं दम कमी झाला, पण बाकी काही फरक पडला नाही.

शेजारणीनं त्यात भर घातली. ती यायची, खोलीत डोकावायची, नाकाला पदर लावायची. "अगं बाई, हाडं घरात कोण ठेवतं? स्मशान केलंत घराचं. एखाद्याला घेऊन जातील हां."

"मला नेतील," ही म्हणायची. "दूध मीच पाजलंय."

काम मात्र चालू होतं. आणि ते काम सोपं नव्हतं. अकीक एकजात असतो, कुठूनही काप. हे हाड म्हणजे कुठे दगडापेक्षा कडक, कुठे बिस्किटासारखं भुसभुशीत. आधी त्याला चिकट रसायनात बुडवून ठेवायचं, ते आत मुरून कडक झालं की चकतीवर घ्यायचं. काप निघाला की तो काचपट्टीवर चिकटवायचा आणि कुरुंदाच्या पुडीवर घासत बसायचं, आधी जाड पूड, मग बारीक. सगळ्यात शेवटचं बारीक घासणं मी हिच्याकडे दिलं. मला भीती होती ती हात लावणार नाही. पण उलट झालं. तिनं ते कुणाला करू दिलं नसतं. मांडीवर फडकं टाकून काचपट्टी बोटाच्या टोकानं फिरवत बसायची, मधेच उचलून उजेडाला धरायची. जरा जास्त घासलं तर काप नाहीसा होतो, पाण्याबरोबर वाहून जातो. तिनं एकही घालवला नाही.

पहिला काप तयार झाला तेव्हा मी खडे बघायचं भिंग लावून खिडकीत धरला. आत सगळीकडे भोकंच भोकं. मी मॅडमला सांगितलं, "तुमचा माल किडका आहे. भुंग्यानं खाल्लाय."

मॅडम खूप हसली. "काका, त्या रक्ताच्या वाटा आहेत. किडका नाही, वाढता आहे."

ती एकदा दुर्बीण घेऊन आली, बारीक ते मोठं दिसतं अशी, डोळा लावून बघायची, कॉलेजातून मागून आणलेली. मला बघायला दिलं, मग हिला. हिनं एक डोळा मिटायचा म्हणून हातानं झाकला आणि बराच वेळ वाकून राहिली.

"काय दिसतं मावशी?"

"भाताचा वाफा दिसतो. वरनं बघितल्यासारखा."

"आणि काठाला? दाटी आहे का?"

"नाय. काठापर्यंत मोकळं हाय." मग लगेच डोळा काढून म्हणाली, "पण हे मधलं हाय की लहान? की तेच नाय कळत तुला, माझ्यामुळं?"

मॅडम म्हणाली, "हे लहान आहे मावशी, हे मला पक्कं माहीत आहे. आणि काठ मोकळा आहे. हे चांगलंच आहे." पण हिच्या डोक्यात मधल्या हाडांचंच होतं. मॅडमचं मुंबईला जाणं-येणं चालूच होतं, आणि दर खेपेला ही तेच विचारायची, "लागलं काय?" आणि मॅडम म्हणायची, "अजून नाही." एकदा मॅडम काही न बोलता नुसतीच काचपट्ट्या घेऊन गेली, तर ही दोन दिवस स्वयंपाकात मीठ विसरली.

मला त्या सरांचा राग यायचा. न बघितलेल्या माणसाचा राग. मी म्हटलंही मॅडमला, "त्यांनीच ठेवलेलं नाव. ते कशाला खोडतील? कुणी स्वतःच्या पोराचं नाव खोडतं का?"

मॅडम म्हणाली, "तुम्ही ओळखत नाही त्यांना."

खरंच ओळखत नव्हतो.

मग तो दिवस आला. दुपार होती. मॅडम मुंबईहून घरी न जाता सरळ अंबरनाथला उतरून आली होती. घामानं चिंब. मी शेडमध्ये, ही आत पडलेली. मॅडमनं चप्पल काढता काढताच हाक मारली, "मावशी, उठा."

ही उठून बसली, पदर सारखा केला. तिला विचारायची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं.

मॅडम हिच्यासमोर फरशीवर बसली. सांगायला लागली. सगळ्या काचपट्ट्या तिनं सरांसमोर मांडल्या होत्या. लहान, मधल्या, मोठ्या. कुठली कुठल्या खड्ड्यातली ते सांगता येत नाही, हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. दूधसुद्धा.

"दूध पण सांगितलंस?" ही म्हणाली.

"सांगितलं. सर म्हणाले, मावशींना माझा नमस्कार सांगा."

"आणि पुढं?"

"पुढे ते दुर्बिणीला डोळा लावून बसले. जेवायला उठले नाहीत. लहानात काठ मोकळा. मधल्यात कड्या जवळ येत चाललेल्या. मोठ्यात दाटी. आणि आतली वीण सगळ्यांची एकच. लहानाचं मधलं होतं, मधल्याचं मोठं होतं, कुठे तुटत नाही. सर म्हणाले, ही एकच जात आहे. नाव मी ठेवलं होतं, मीच काढतो. तू लिही, मी सही करतो."

मी दारात उभा होतो. हातात ओला दगड तसाच.

हिनं मात्र अजून सोडलं नव्हतं. "माझ्यामुळं काय अडलं, ते सांग. खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नको."

मॅडम आधी थांबली. ती थांबली म्हणूनच पुढचं आम्हाला खरं वाटलं. म्हणाली, "खरं सांगते. चिठ्ठ्या असत्या तर आणखी एक गोष्ट कळली असती. पिल्लं एका जागी राहायची आणि मोठी दुसऱ्या जागी, की सगळी एकत्र, ते. ते आता या हाडांवरून नाही कळणार. ते गेलं. पण मी जे शोधत होते त्याला काही धक्का लागला नाही. मधलं हाड या खड्ड्यातलं असो नाहीतर त्या खड्ड्यातलं, आतून ते त्याच जनावराचं आहे. चिठ्ठ्या असत्या तरी उत्तर हेच आलं असतं."

"हेच आलं असतं?"

"हेच."

हिनं डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, आता रडू नकोस, दम लागेल. ती म्हणाली, "रडत नाय. गप ऱ्हावा तुम्ही."

मॅडम म्हणाली, "आणि एक हाड निघालं ते यांच्यातलं नाहीच. त्याची वीण निराळी. ते मगरीचं आहे."

"मगरीचं?"

"मगरीचं. तेव्हापण मगरी होत्या."

"म्हंजे मी मगरीला पण दूध घातलं?" आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेना. मॅडम हसली, मी हसलो. शेजारीण काय झालं बघायला आली आणि आम्हाला हसताना बघून परत गेली. हसता हसता हिला ठसका लागला, पाणी दिलं. मी इतकी वर्षं तिच्यासोबत काढली, पण एखाद्या गोष्टीतून माणूस सुटतो म्हणजे काय, ते मी त्या दुपारी तिच्या तोंडावर बघितलं. गालांचा रंगच बदलला होता.

मॅडमनं चहा घेतला. हाडं परत न्यायची होती, पण दोन खोकी एकटीला उचलणार नव्हती आणि ती थकलेली होती. म्हणाली, "उद्या रिक्षा घेऊन येते. आता यांना कपाटात ठेवणार, पक्कं लिहून." हिनं विचारलं, कपाटावर नाव काय लिहिणार, लहानांचं आणि मोठ्यांचं? मॅडम म्हणाली, "एकच. पिल्लांच्या पुढे कंसात पिल्लू लिहीन." हिला ते आवडलं. "आईजवळ ठेव," म्हणाली. मॅडम म्हणाली, "त्याच खणात ठेवते."

ती गेल्यावर आम्ही वाल सोलायला बसलो. ते मी आधी सांगितलंच.

डॉक्टर नंतर म्हणाला, हृदय थकलेलं होतं, कधीही झालं असतं. मी त्याला विचारलं, हसण्यानं झालं का? तो म्हणाला, नाही. मी आणखी विचारलं नाही. हसण्यानं झालं असतं तरी मी ते परत घेतलं नसतं. आदल्या आठवड्यात गेली असती तर काय, हा विचार माझ्या मनात येतो, आणि मग मला जे वाटतं त्याला मी सुटका म्हणतो. दुसरा शब्द मला येत नाही. ती त्या पोरीचं वाटोळं केलं असं समजून गेली असती. तसं झालं नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा ती कुशीवर होती, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली. मग हात लावला. हात लावल्यावर हाक मारायची गरज उरली नाही. मी तिच्याजवळ बसलो. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बायकांच्या कळशा वाजत होत्या. मला कळत होतं की आता दार उघडायचं, शेजारणीला सांगायचं, कुणाला तरी वांगणीला मुलीकडे पाठवायचं.

पण खोकी आत भिंतीला लागून होती. शेजारीण आत आली की तिची नजर आधी तिकडे जाणार. बघा, नेलंच शेवटी, म्हणणार. आणि ती म्हणाली की बाकीच्या म्हणणार, आणि कुणीतरी खोकी उचलून नाल्यात रिकामी करणार, ते पण चांगल्या मनानं. मयताच्या घरात मी कुणाकुणाला आवरणार होतो? मॅडम रिक्षा घेऊन येईपर्यंत काही उरलं नसतं.

मी तिच्या अंगावर चादर नीट केली. मग एक खोकं उचललं, मागच्या दारानं शेडमध्ये नेऊन ठेवलं. परत येऊन दुसरं नेलं. ते जड होतं, मोठ्या हाडांचं, मधे एकदा टेकवावं लागलं. दोन्हीवर गोणपाट टाकलं, पुढे अकीकाचे दगड रचले. शेडला कुलूप लावलं आणि चावी बनियनच्या आत, जानव्यासारखी दोऱ्यात बांधून गळ्यात घातली.

मग पुढचं दार उघडलं आणि शेजारणीला हाक मारली.